डब्याचा ट्रेबल

आमच्या ऑर्केस्ट्रातले सगळे माझ्या अँप्लिफायरला डबा म्हणतात. म्हणू देत. काळा, चौकोनी, आठ इंची स्पीकरचा, एका हातानं उचलून स्कूटरवर पायाशी ठेवता येईल एवढाच तो आहे. आत काचेचे व्हॉल्व नाहीत, नुसती ट्रान्झिस्टरची पाटी. गिटारवाल्यांच्या जगात ही शेवटची पंगत. मोबाइलवर व्हिडिओ करणारे मोठ्या शहरातले लोक व्हॉल्वच्या उबदार आवाजावर तासन् तास बोलतात आणि शेवटी माझ्यासारख्याच्या डब्याकडे बोट दाखवून सांगतात, नवशिक्यांनी घरी वाजवायला हा ठीक आहे. त्यांनी एकदा बेळगावहून चिकोडीपर्यंत टेम्पोच्या हौद्यात बसून यावं. त्यांचा व्हॉल्व संकेश्वरपर्यंत तरी शाबूत राहतो का ते बघू.

माझ्या डब्यानं कधी दगा दिला नाही. बटण दाबलं की क्षणात चालू. व्होल्टेज वरखाली झालं तरी कुरकुर नाही. हळदीचे कार्यक्रम, रिसेप्शन, गणपती मंडळं, शाळांची गॅदरिंग, निपाणीकडच्या जैन मंडळींच्या पूजा, सगळीकडे तो माझ्याबरोबर आला. मोठ्या मैदानात त्याच्यासमोर माइक ठेवायचा म्हणजे तो आवाज मोठ्या स्पीकरमध्ये जातो. लहान हॉलमध्ये तेवढीही गरज नाही. फक्त तो जमिनीवर ठेवायचा नाही, खुर्चीवर ठेवायचा. जमिनीवर ठेवला तर सगळा आवाज गुडघ्यांना ऐकू येतो.

हा डबा मी मागाच्या कमाईतून घेतला. आमचं घर बेळगावच्या वडगावात, आणि घराला लागूनच पॉवरलूमची शेड. आजोबा हातमागावर साड्या विणत, वडिलांनी यंत्रमाग घातले, आणि थोरला भाऊ, अण्णा, आणि मी ते चालवत आलो. दिवसा माग, संध्याकाळी गिटार, असा माझा संसार. दोन्ही एकमेकांना लागून. शेडच्या पुढच्या खोलीत मी सरावाला बसायचो आणि भिंतीपलीकडे माग खडखडत असायचे. करंट गेला तर माग थांबत, पण मग डबाही थांबे. दोघांचा मालक एकच, वीज मंडळ.

मागाच्या शेडमध्ये बोलून उपयोग नसतो. तिथं माणसं ओठ बघतात आणि हातांनी बोलतात. दोन बोटं हवेत कातरीसारखी हलवली की धागा तुटलाय. अंगठा तोंडाकडे नेला की चहा आलाय. तळहात छातीवर थोपटला की व्यापारी येतोय, जरा जपून. आम्ही भाऊ लहानपणापासून असेच बोलत आलो. घरात आलो की ओरडून बोलायचं, कारण कानात माग चालूच असायचे. माझी बायको निपाणीजवळच्या एका गावची. तिच्या माहेरी तंबाखूची वखार होती, मागाशी काही संबंध नव्हता. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्या आठवड्यात ती मला हळूच म्हणाली होती, "अवो, तुमच्यात सारखी भांडणं का चाललीत?" भांडणं कसली, आम्ही जेवायला वाढा म्हणत होतो.

ऑर्केस्ट्रात ही सवय मला फार उपयोगी पडली. आमचे प्रमुख, कीबोर्ड वाजवणारे, चिकोडीकडच्या जैन शेतकरी घरातले. त्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणतो. कार्यक्रमात गाणं अचानक बदललं, पट्टी बदलली, की आप्पा नुसते ओठ हलवायचे आणि मी तिसऱ्या मात्रेला तिथं पोचलेलो असायचो. बाकीचे "काय? काय?" करत राहायचे. आप्पा कौतुकानं सांगायचे, "ह्येला सांगाय लागत न्हाय. ह्येचा कान लई तयार हाय." मला ते ऐकून बरं वाटायचं. आता आठवलं की तोंडात कडू येतं.

कारण त्याच सुमाराला दुसरी तक्रार सुरू झाली होती. माझं गिटार टोचतंय म्हणून. पहिल्यांदा म्हणाली ती आमची गायिका. "दादा, थोडं कमी करा की. कानात खुपतंय." मी आवाज कमी केला. "आवाज न्हवं, ते वरचं काय असतं ते." ते वरचं म्हणजे ट्रेबल. डब्यावर त्याचा एक वेगळा नॉब असतो. तो वाढवला की तारेची किनार उठून येते, कमी केला की आवाज गोल होतो. माझा नॉब पूर्ण उजवीकडे असायचा. त्याशिवाय मला तारा स्वच्छ ऐकूच यायच्या नाहीत. मी तिच्यासमोर तो निम्म्यावर आणला, आणि ती पाणी प्यायला वळली तसा पुन्हा जागेवर नेला.

मग ते नेहमीचंच झालं. साउंडवाला हुक्केरीचा होता. तो मिक्सरवरून आप्पांकडे बघून कानावर हात ठेवायचा. आप्पा त्याला कन्नडमध्ये सांगायचे, "स्वल्प कम्मी माडरी," आणि तो माझा आवाज थोडा कमी करून टाकायचा. मग मला माझंच वाजवणं ऐकू येईना. मी डबा आणखी मोठा करायचो. तो आणखी कमी करायचा. भर कार्यक्रमात आमची अशी रस्सीखेच चालायची आणि समोरच्या खुर्च्यांवरचे लोक तोंड वाकडं करत बसायचे.

मी दोष कुणाला द्यायचा? अर्थात डब्याला. सॉलिड-स्टेट, म्हणजे बिनव्हॉल्वचं, असंच असतं, म्हणायचो. कोरडं, टोकदार. मोठ्या शहरातल्या त्या व्हिडिओवाल्यांचीच वाक्यं माझ्या तोंडात आली. ज्या डब्याचा मी एवढा अभिमान बाळगायचो त्यालाच चारचौघात शिव्या देऊ लागलो. ट्रेबल सरळ रेषेत जातो, समोर बसणाऱ्याला टोचतोच, हेही सांगायचो, आणि ते खरंही आहे. डबा फिरवून बघितला, भिंतीकडे तोंड करून ठेवला, पुढे टॉवेल टाकला. तारा बदलल्या. गायिकेनं एकदा सरळच ऐकवलं, "नाचता येईना, अंगण वाकडं." सगळे हसले. मी पण हसलो, पण त्या दिवसापासून तिच्याशी कामापुरतंच बोलायचं ठरवलं.

खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. ऑर्केस्ट्रातून बाहेर गेलो तर माझ्याकडे फक्त माग उरणार होते. गल्लीतले लोक मला गिटारवाला म्हणायचे. माग चालवणारे तर दर घरात होते. ते एक नाव गेलं असतं तर मी कोण, हे मला सांगता आलं नसतं.

आमच्याकडे अमावास्येला माग बंद असतात. मागाला हार घालतात, नारळ फोडतात, आणि गल्लीभर अशी शांतता पसरते की नवखा माणूस बुजून जाईल. तोच आमचा शेडच्या पुढच्या खोलीतला सरावाचा दिवस. आप्पा लोकांना गमतीनं सांगायचे, आमचा ऑर्केस्ट्रा अमावास्येला भरतो. गणपतीच्या आधीच्या अशाच एका अमावास्येला आप्पा सरावाला एका नव्या बाईंना घेऊन आले. बेळगावात शाळेत संगीत शिकवायच्या, गिटार वाजवायच्या. मंडळाच्या कार्यक्रमाला दोन गिटार हवीत, असं आप्पा म्हणाले. मी मनात म्हणालो, झालं. दोन गिटार हवीत म्हणजे आधी दोन, मग एक, आणि ते एक माझं नसणार.

बाईंनी स्वतःचा अँप आणला नव्हता. "तुमच्यातच लावू का?" म्हणाल्या. मी वायर काढून दिली. त्यांनी एक तार छेडली आणि डोळे मिटून मान मागे घेतली, चटका बसल्यासारखी. मग त्यांनी ट्रेबल मागे आणला, निम्म्याच्याही खाली. खर्ज थोडा वाढवला. आणि वाजवायला लागल्या.

 ढोलक वाजवणारा मांडीवर ताल धरून डोलायला लागला. गायिका पुढे सरकून डब्याजवळ बसली आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "दादा, ह्यो तुमचाच डबा हाय न्हवं?"

मला काय ऐकू येत होतं? गिटारवर गोधडी टाकून कुणीतरी वाजवत होतं. बोटं चालताना दिसत होती, सूर कळत होते, पण तारेची किनार कुठेच नव्हती. मला वाटलं, बाई परक्या आहेत म्हणून सगळे भिडेपोटी वाहवा करतायत. मी मोठ्यानं बोललो, "दबलंय की. जरा वर उचला. काय कळंनाच झालंय."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. बाईंनी विचारलं, "हे दबलेलं वाटतंय तुम्हाला?" त्या चेष्टा करत नव्हत्या. मी म्हणालो, "व्हय."  मी ढोलकवाल्याकडे बघितलं, तर त्यानं माझ्या पाठीमागे बोट केलं. मी वळलो. मागे आप्पा कीबोर्डवर वाकून बसले होते. गायिका म्हणाली, "दादा, आप्पा तुमास्नी कवापासनं हाक मारतायत."

त्या दिवशी माग बंद होते. गल्लीत पाखरू बोललं तरी ऐकू येईल अशी शांतता होती, असं ते सगळे सांगतात. पाखरू मी कित्येक वर्षांत ऐकलेलं नव्हतं. मला वाटायचं, वडगावात आता पाखरं राहिली नाहीत.

आप्पांनीच मला बेळगावात कान तपासायला नेलं. तिथं एका लहानशा बंद खोलीत बसवतात, कानाला हेडफोन लावतात आणि हातात बटण देतात. सूर ऐकू आला की बटण दाबायचं. समोर जाड काच, पलीकडे तपासणाऱ्या मॅडम. सुरुवातीला खालचे सूर आले, मी भराभर बटण दाबलं. मला हुरूप आला. मग सूर थांबले. मी वाट बघत बसलो. बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं मशीन बिघडलं. मी काचेतून खूण केली. मॅडम माझ्याकडे बघत म्हणाल्या, "चालू आहे मशीन, ऐकत राहा." मी मान डोलावली आणि ऐकत राहिलो.

त्यांनी हातातलं काम थांबवलं. उठून दार उघडलं आणि विचारलं, "काचेतून मी काय बोलले ते कळलं तुम्हाला?"

"मशीन चालू हाय म्हणालात की."

"या काचेतून आवाज येत नाही," त्या म्हणाल्या. "मागावर काम करता ना? शहापूर का वडगाव?"

मी अजून त्यांना माझं कामही सांगितलं नव्हतं. त्या म्हणाल्या, तुमच्याकडचे खूप येतात, आणि सगळे उशिरा येतात, कारण तुम्हाला ओठ वाचता येतात. वरच्या सुरांचा भाग गेलेला आहे. खालचं ऐकू येतं, म्हणून वाटतं कान चांगले आहेत. मी विचारलं, परत येईल का? त्यांनी नाही म्हणून सांगितलं. तेही मी ओठांवरच वाचलं असणार.

आप्पांच्या गाडीवरून घरी येईपर्यंत मला भयंकर राग आला होता. पण राग काढायचा कुणावर? वडिलांवर? ते ओसरीवर टीव्हीचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत लावून बसले होते. आम्ही त्यांना बरीच वर्षं म्हातारपणी असं होतंच म्हणत आलो होतो. ते काही तेवढे म्हातारे नव्हतेच. मागावर? मागानं खायला घातलं. त्याच मागानं गिटार घेऊन दिलं, डबा घेऊन दिला, आणि ते ऐकायचे कान मात्र रोज थोडे थोडे काढून घेतले. शिवाय सगळ्या गल्लीला हे माहीत होतं आणि कुणालाच माहीत नव्हतं. आमच्यात बहिरेपण हे दुखणं नाही, तो घरातला आवाज आहे. माझ्या कौतुकाचा जो तयार कान होता तो कान नव्हताच, ते डोळे होते.

मॅडमनी कानात घालायचे मऊ बोळे दिले होते. निदान उरलंय ते तरी राखा, म्हणाल्या होत्या. मी अण्णासाठीही मागून घेतले. शेडमध्ये जाऊन त्याच्या हातावर ठेवले. त्यानं घातले, मागावर एक फेरी मारली आणि काढून खिशात टाकले. मला बाहेर ओढून ओरडून म्हणाला, "अरं, ह्ये घातल्यावर माग कसा चाललाय ते कळतच न्हाय. धागा तुटल्यालं आवाजावरनं कळतंय मला. कापड बाद झालं तर बोळं दाखवू काय व्यापाऱ्याला?" मी त्याला सगळं समजावलं. त्यानं माझं तोंड नीट वाचलं, शेवटपर्यंत वाचलं, आणि म्हणाला, "तू वाजवतोस म्हणून तुला कळलं. न्हायतर तुला तरी काय कळलं असतं?" आणि आत गेला. 

आप्पांनी मला काढलं नाही. ते चांगले आहेत, आणि चांगल्या माणसाचे उपकार फार जड असतात. बाईंनी डबा त्यांच्या कानानं लावून दिला. मग आप्पांनी ट्रेबलच्या नॉबवर काळी चिकटपट्टी मारली आणि म्हणाले, "आता ह्येला हात लावायचा न्हाय रं." सगळ्यांसमोर म्हणाले. मी मान हलवली. ज्या माणसानं बारा गावचं पाणी पिऊन स्वतःचा सूर स्वतः जुळवला, त्याला स्वतःच्या डब्याला हात लावायची बंदी झाली. त्या चिकटपट्टीचा मला जितका तिरस्कार वाटला तितका मागांचाही वाटला नव्हता.

त्यानंतर तक्रार बंद झाली. साउंडवाला कानावर हात ठेवीना. गायिका पुन्हा हसून बोलायला लागली, आणि तिचं हसणं मला आणखीच लागायचं. मी वाजवायचो, बोटांच्या भरवशावर. माझ्या कानात नुसती गोधडी. कुठल्या तारेवर कुठे दाबलं की कसा सूर निघणार, ते आठवणीनं ठाऊक होतं. त्या आठवणीवर माझं पोट आणि नाव दोन्ही चाललं होतं.

मग निपाणीजवळ एक रिसेप्शन आलं. मुलगी बायकोच्या माहेरच्या नात्यातली, म्हणून तीही आली होती. दुपारचं जेवण, मांडवात कार्यक्रम, आणि समोरच्या रांगेत तिची सगळी मंडळी. त्या दिवशी डबा एकटाच खुर्चीवर होता, माइक न लावता, कारण मांडव लहान होता. एका जुन्या संथ गाण्याच्या आधी आप्पांनी मला एकट्याला वाजवायला सांगितलं. मी वाजवलं. लोक जेवता जेवता थांबले, असं मी पाहिलं. नवरीचे मामा जवळ येऊन काहीतरी बोलले. ‘गोड’ हा शब्द ओठांवर सोपा असतो, तो कळला. मी हात जोडले.

कार्यक्रम आटोपल्यावर बायको डब्याजवळ आली. मी वायर गुंडाळत होतो. मला राहवेना. ज्याची एवढी स्तुती चालली होती ते होतं तरी कसं, हे मला कुणीतरी सांगायला हवं होतं. मी विचारलं, "कसं वाजलं गं?"

"गोड," ती म्हणाली.

"समदेच गोड म्हणतात. गोड म्हणजे कसं?"

तिनं थोडा विचार केला. सांगायला अवघड गोष्ट होती आणि तिला ती खरी सांगायची होती, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग ती म्हणाली, "आपलं लगीन झालतं तवा वाजवत होता न्हवं, अगदी तसं."

म्हणजे तो सूर माझ्याकडे होता. मी तो ऐकला होता, रोज ऐकला होता, आणि गेला तेव्हा मला पत्ताही लागला नव्हता. मग दुसरी गोष्ट सुचली. त्या वेळी मी वाजवायला बसलो की ही भाजी निवडायला माझ्याजवळ येऊन बसायची. नंतर कधीतरी यायची बंद झाली. गिटार बाहेर काढलं की तिला शेजारी काहीतरी काम निघायचं. संसार वाढला, वेळ कुठला, असं मी समजत होतो.

"आणि मधली वर्षं?" मी विचारलं. "त्या वर्षांत कसं वाजत होतं?"

तिनं तोंड दुसरीकडे वळवलं. ती काही बोलली असेल तर मला ते कळलं नाही.